बर्नार्ड लूप फोटोत येत नाही? जुना डेटा पुन्हा उघडून क्रमाने काय तपासायचं

डिसेंबरात मृग संध्याकाळीच वर यायला लागतो आणि माझ्याकडे पेनड्राइव्ह यायला लागतात. "काका, तीन तास शूट केलं, पण लूप आलाच नाही." फाइल उघडावी तर तपकिरी आभाळ, मध्ये मृगातला मोठा तेजोमेघ गुलाबी डागासारखा, आणि ज्याच्यासाठी रात्र जागवली त्या कमानीचा पत्ता नाही. हा दोष मी आधी माझ्या स्वतःच्या डेटात दुरुस्त केला, नंतर सोलापूर, बार्शी, अक्कलकोटकडच्या बऱ्याच जणांच्या डेटात. बहुतेक वेळा लूप त्या फ्रेम्समध्ये असतोच, प्रक्रियेच्या कुठल्या तरी पायरीवर तो हातातून निसटलेला असतो. म्हणून नवी लेन्स किंवा फिल्टर मागवण्याआधी जुनं फोल्डर उघडा.

आधी हा प्रकार काय आहे ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढच्या तपासण्या का करायच्या ते कळेल. बर्नार्ड लूप म्हणजे मृगाच्या पूर्वेकडून वळत खाली राजन्य ताऱ्याच्या बाजूला जाणारी विरळ हायड्रोजनची प्रचंड कमान. एडवर्ड इमर्सन बर्नार्ड यांनी १८९४ मध्ये फोटोवरून तिचं वर्णन केलं. तेजोमेघांच्या शार्पलेस यादीत ती २-२७६ क्रमांकावर आहे. तिचा उजेड मुख्यतः हायड्रोजन अल्फाचा, म्हणजे ६५६ नॅनोमीटरचा गडद लाल. आपल्या साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सरसमोर जी फिल्टरची काच असते ती नेमका हाच लाल बराचसा अडवते. मुळात फिकट वस्तू, त्यात कॅमेऱ्याने तिचा मोठा वाटा आधीच कापलेला. तरीही सोलापूरकरांच्या बाजूने एक गोष्ट आहे. आपण साडेसतरा अंश अक्षांशाच्या जरा वर आहोत, त्यामुळे मृगाचा बाण मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेवर) येतो तेव्हा जवळपास ७१ अंशांवर असतो. इतक्या उंचीवर धूळ आणि धुकं कमी आडवं येतं. युरोपात बसून फोटो काढणाऱ्यांना हे सुख नाही.

लक्षणं

तुमच्या फोटोत यातलं काय दिसतंय ते आधी ओळखा. एकापेक्षा जास्त असणं नेहमीचं आहे.

– स्टॅक केलेली (म्हणजे सगळ्या फ्रेम्स एकत्र करून बनवलेली) फाइल उघडली की काळीकुट्ट, चार ठळक तारे सोडले तर काही नाही.
– उजळ केल्यावर एक कोपरा नारिंगी आणि समोरचा काळपट.
– पार्श्वभूमी सपाट करण्याआधी डावीकडे लालसर काहीतरी वाटत होतं, सपाट केल्यावर तेही गेलं.
– सगळ्या फोटोवर एकाच दिशेने, पावसाच्या सरींसारख्या तिरक्या रेघा.
– कोपरे मधल्या भागापेक्षा उजळ, किंवा जागोजागी राखाडी गोल डाग.
– ताऱ्यांचे पांढरे गोळे झालेत आणि त्यांच्या गर्दीत मागचं काहीच कळत नाही.

आधी फुकटात होणाऱ्या गोष्टी

पहिली गोष्ट, तुम्ही फाइल कशी बघताय. मी सिरिल हे आभाळाचे फोटो स्टॅक करायचं सॉफ्टवेअर वापरतो, कारण ते फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. त्यात स्टॅक उघडला की तो लिनिअर दिसतो, म्हणजे काळा. खालची दाखवण्याची पद्धत ऑटोस्ट्रेच करा. त्याने फाइल बदलत नाही, फक्त पडद्यावर उजळ दिसते. खोलीतला दिवा बंद करा, स्क्रीनचा उजेड वाढवा. हे सांगायला साधं वाटतं, पण "काही आलंच नाही" म्हणून आलेल्या फाइलींत लूप नुसत्या ऑटोस्ट्रेचने दिसला आहे, असं माझ्यासमोर घडलंय.

लगेच फाइलचा प्रकार बघा. कॅमेऱ्यातून जेपीजी काढले असतील किंवा मध्येच कुठेतरी ८ बिटमध्ये सेव्ह केलं असेल, तर मागे जाऊन रॉ फाइलींपासून सुरुवात करा. १४ बिटच्या रॉमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपीजीत फक्त २५६. समजा आभाळ साठाव्या पायरीवर आहे आणि लूप त्याहून एक टक्क्याने उजळ आहे, तर तो फरक एका पायरीतही बसत नाही. तो पुसला गेला की कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. शेवटपर्यंत ३२ बिट फिट्स फाइल ठेवा आणि जेपीजी फक्त मित्रांना पाठवायला करा.

आता लाल आणि हिरवा चॅनेल वेगवेगळे उघडून शेजारीशेजारी ठेवा. सगळ्या पोस्टमधली ही माझी आवडती तपासणी आहे, कारण दोन मिनिटांत पुढची दिशा कळते. लूप लालमध्ये दिसतो, हिरव्यात जवळजवळ नसतो. दोन्हींत सारखंच उजळ असलेलं जे काही आहे ते शहराचा उजेड किंवा धुकं. लालमध्ये अगदी पुसट का होईना, हिरव्यात नसलेली वळणदार पट्टी असेल तर निश्चिंत व्हा, डेटात माल आहे.

ती दिसत नसेल तर फ्रेममध्ये लूप बसलाय का तेही बघून घ्या. सिरिलमध्ये प्लेट सॉल्व्ह करून (म्हणजे ताऱ्यांवरून फ्रेमची जागा ओळखून) तेजोमेघांची नावं चित्रावर उमटवता येतात. लूप दहा अंशांहून मोठा पसरलेला आहे. क्रॉप सेन्सरवर ५० मिमी लेन्सने साधारण २५ बाय १७ अंशांचं क्षेत्र मिळतं, त्यात तो नीट बसतो. १३५ मिमीने तुकडाच येतो आणि तुकड्याला कमानीचा आकार नसल्याने तो आभाळाचा डाग वाटतो.

खराब फ्रेम्स काढा

सगळ्या फ्रेम्स एकामागून एक भरभर बघा. ढग, ट्रॅकर (आभाळाबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) घसरल्याने लांबट झालेले तारे, रस्त्यावरून गेलेल्या ट्रकचा हेडलाइट, उगवलेला चंद्र हे सगळं बाजूला काढा. सिरिलच्या आलेखात प्रत्येक फ्रेमची पार्श्वभूमी किती उजळ होती ते दिसतं. आपल्याकडे हिवाळा म्हणजे कारखान्यांचा गळीत हंगाम. ऊस तोडून झालेल्या फडात पाचट पेटवलं की तासाभरात आभाळ दुधाळ होतं, आणि मृगाकडे बघत उभं असताना ते डोळ्यांना कळतही नाही. आलेखात मात्र रेघ चढताना स्वच्छ दिसते. त्या तासाच्या फ्रेम्स ठेवायच्या मोहात पडू नका. १२० मधल्या ३० गेल्या तरी चालतील.

डार्क आणि फ्लॅट

लाइट म्हणजे प्रत्यक्ष आभाळाच्या फ्रेम्स, डार्क म्हणजे झाकण लावून काढलेल्या, फ्लॅट म्हणजे एकसारख्या उजेडावर काढलेल्या. इथे खूप जण चुकतात आणि सोलापुरात तर जास्तच, कारण आपल्याकडे उकाडा. सेन्सरचं तापमान साधारण सहा-सात अंशांनी वाढलं की त्याचा डार्क करंट, म्हणजे उजेड नसतानाही जमणारा सिग्नल, दुप्पट होतो. डिसेंबरच्या पहाटे काढलेले डार्क तुम्ही फेब्रुवारीच्या संध्याकाळच्या फ्रेम्सना लावले, तर गरम पिक्सेल पुरते वजा होत नाहीत. फ्रेम्स एकमेकींवर जुळवताना तेच पिक्सेल सरकत जातात आणि तिरक्या रेघा उमटतात. रॉ फाइलच्या माहितीत बऱ्याच कॅमेऱ्यांचं तापमान नोंदलेलं असतं. लाइट आणि डार्कचं तापमान ताडून बघा, फरक दोन-तीन अंशांपेक्षा जास्त असेल तर नवे डार्क काढा. रात्री गच्चीवर, लेन्सला झाकण लावून, व्ह्यूफाइंडरचं भोकही झाकून, तेवढंच एक्स्पोजर आणि तोच आयएसओ ठेवून. यात फक्त वेळ जातो.

रेघा तरीही राहिल्या तर त्याचं मूळ शूटिंगमध्ये आहे. पुढच्या वेळी दर आठ-दहा फ्रेम्सनंतर कॅमेरा किंचित हलवा, यालाच डिदरिंग म्हणतात. जुन्या डेटात सिग्मा क्लिपिंग (बाकी फ्रेम्सपेक्षा वेगळे पडणारे पिक्सेल टाकून देणं) थोडं कडक करून रेघा कमी होतात, जात नाहीत.

फ्लॅट नसतील तर बर्नार्ड लूपसारखी रुंद, फिकट वस्तू काढायचा नाद सोडलेला बरा. लेन्सच्या कोपऱ्यांत होणारा अंधार हा लूपच्या उजेडापेक्षा कितीतरी पट मोठा असतो. मी फ्लॅट असे काढतो: पहाटे सूर्य उगवण्याआधी लेन्स वर करायची, तोंडावर पांढऱ्या सुती पंच्याची दुहेरी घडी ताणून बसवायची आणि रबर लावायचं. घडीत एक जरी सुरकुती राहिली तर तिची सावली फ्लॅटमध्ये उतरते, म्हणून बोटांनी कडेकडेने ओढून घ्यायचं. तीसेक फ्रेम्स काढायच्या, हिस्टोग्राम मध्याच्या आसपास. फोकसला हात लावायचा नाही, अ‍ॅपर्चर बदलायचं नाही. हे दोन्ही बदललं की फ्लॅट त्या रात्रीचे राहत नाहीत. म्हणून ते त्याच पहाटे, आवराआवर करण्याआधीच काढायचे.

फ्लॅट लावूनही कोपरे चुकतात, त्याची दोन रूपं आहेत. कोपरे उलटे उजळ झाले असतील तर लाइट फ्रेम्समधून डार्क किंवा बायस (झाकण लावून, सगळ्यात छोट्या एक्स्पोजरने काढलेली फ्रेम) वजा झालेला नसतो. कोपरे अजून काळेच राहिले असतील तर फ्लॅटमधून बायस वजा झालेला नसतो. आधी हे बघा, मग फ्लॅटला दोष द्या.

पुन्हा स्टॅक करताना

यात फार अवघड काही नाही. नॉर्मलायझेशन (सगळ्या फ्रेम्सचा उजेड एका पातळीवर आणणं) चालू, विमानं आणि उपग्रहांच्या रेषा घालवायला सिग्मा क्लिपिंग, ३२ बिट. एकच जास्तीची पायरी घ्या, आणि ती आपल्यासाठी महत्त्वाची आहे: स्टॅक करण्याआधी प्रत्येक फ्रेममधून पहिल्या घाताची पॉलिनोमियल पार्श्वभूमी काढून टाका. म्हणजे फक्त सरळ उतार जातो. कारण असं की शहराचा उजेड जमिनीला बांधलेला असतो आणि ट्रॅकर मृगाबरोबर फिरत असतो. रात्री नऊला उजेड फ्रेमच्या तळाशी असेल तर एक वाजता तो दुसऱ्याच बाजूला गेलेला असतो. असे सगळे उतार एकत्र झाले की स्टॅकमध्ये वाकडातिकडा ग्रेडियंट, म्हणजे उजेडाचा चढउतार, तयार होतो, आणि तो वाकडा ग्रेडियंट काढायला गेलं की लूप जातो.

याच जागी आपल्या भागातली एक अडचण सांगून ठेवतो. बरेच जण अंधारासाठी बार्शी रस्त्याने नान्नजच्या बाजूला जातात. नान्नज शहराच्या उत्तरेला आहे. मृग मध्यावर येतो तो दक्षिणेला, म्हणजे बरोबर सोलापूरच्या उजेडाच्या बाजूने तुम्ही फोटो काढता. संक्रांतीच्या दिवसांत गड्ड्याची यात्रा असते तेव्हा तो उजेड आणखी वाढतो. मृगासाठी विजापूर रस्त्याने मंद्रूपच्या पलीकडे गेलेलं चांगलं, शहर पाठीमागे राहतं. फक्त फताटेवाडीकडच्या वीज प्रकल्पाचे दिवे कुठल्या बाजूला पडतात ते जागा ठरवताना बघून घ्या.

पार्श्वभूमी सपाट करताना लूप खाल्ला जातो

आता मुख्य दोष. गेल्या जानेवारीत कॉलेजात शिकणारा एक ओळखीचा मुलगा ९० सेकंदांच्या १२० फ्रेम्स घेऊन आला. डार्क बरोबर, फ्लॅट बरोबर, तारे टाचणीच्या टोकासारखे. मेहनत प्रत्येक फाइलीत दिसत होती. लाल चॅनेलमध्ये पुसट पट्टी होती. त्याच्या तयार फोटोत मात्र डावी बाजू स्वच्छ राखाडी. त्याने पार्श्वभूमी काढताना ओळीला वीस ठिपके असा आकडा ठेवला होता. सॉफ्टवेअर त्या प्रत्येक ठिपक्याखालचा उजेड "आभाळ" समजतं आणि वजा करतं. वीसपैकी सहा-सात ठिपके प्रत्येक ओळीत लूपवरच बसले होते.

खात्री करायची रीत अशी. मूळ फोटोतून सपाट केलेला फोटो पिक्सेल मॅथने वजा करा. जे उरतं ती तुम्ही काढून फेकलेली पार्श्वभूमी. ग्राएक्सपर्ट हे पार्श्वभूमी काढणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ती थेट वेगळी सेव्ह करता येते. ती उजळ करून बघा. खालून वर एकसारखा उतार दिसला तर ठीक. आम्ही त्या मुलाची वजा केलेली फाइल उघडली, लाल चॅनेल ऑटोस्ट्रेचवर टाकला, आणि डावीकडे वरून खाली उतरत राजन्यकडे वळलेली जाड कमान समोर होती. तीन तासांचा लूप कचऱ्याच्या फाइलीत जसाच्या तसा बसला होता. तो मुलगा बराच वेळ स्क्रीनवर बोट फिरवत होता.

दुरुस्ती हाताने करायची. आपोआप बसलेले सगळे ठिपके पुसा. शेजारी लूपचा एखादा चांगला रुंद फोटो उघडून ठेवा, कुठे काही नाही ते त्यात बघा आणि तिथेच ठिपके टाका. सिरिलमध्ये डाव्या क्लिकने ठिपका बसतो, उजव्याने जातो. काक्षीच्या वरच्या बाजूला लॅम्ब्डा तेजोमेघाचं मोठं वर्तुळ आहे, तेही टाळा. लूपच्या आतली जागा काळी वाटते पण तिथेही विरळ वायू आहे, म्हणून तिथे ठिपका नको. माझ्या अनुभवात आठ ते बारा ठिपके पुरतात. स्मूदिंग वाढवून ठेवा. एकदा करा, वजा केलेली फाइल तपासा, कमानीचा अंश दिसला तर मागे जा आणि जवळचा ठिपका काढा. त्या मुलाबरोबर आम्ही हे पाच वेळा केलं. पाचव्या वेळी वजा केलेली फाइल एकसारखी उतरती आली आणि फोटोत लूप राहिला, फिकट विटकरी रंगाचा.

आपोआप पार्श्वभूमी काढणारी नवी साधनं छोट्या तेजोमेघांना छान चालतात. अर्धी फ्रेम व्यापणाऱ्या वस्तूसाठी मी अजून त्यांच्यावर विसंबत नाही.

तारे बाजूला काढून स्ट्रेच

रंगासाठी फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन (ताऱ्यांच्या मोजलेल्या रंगांवरून फोटोचा रंग ठरवणं) वापरा. हाताने पांढरा समतोल साधताना आपण "जास्त लाल वाटतंय" म्हणून नेमका लूपचाच रंग उतरवतो.

त्यानंतर स्टारनेटने तारे वेगळे करा. लिनिअर फाइलवर चालवत असाल तर सिरिलमधला प्री-स्ट्रेचचा पर्याय चालू हवा. तारे नसलेल्या चित्रावर जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच (ठरवलेल्या उजेडावर जोर देऊन चित्र उजळ करायची पद्धत) थोडा थोडा, तीन-चार वेळा द्या आणि प्रत्येक वेळी जोर आभाळाच्या किंचित वरच्या उजेडावर ठेवा, कारण लूप तिथेच असतो. एकदम ओढलं की मृगाचा मोठा तेजोमेघ पांढरा होतो आणि नॉइज (दाणेदारपणा) वर येतो. तारे शेवटी हलक्या हाताने परत मिसळा. हिरवट झाक राहिली तर ती काढायची सोय सिरिलमध्ये आहे, एका क्लिकचं काम.

नॉइज कमी करणारी साधनं अगदी शेवटी आणि जपून वापरा. त्यांतली काही, नॉइजमधून धाग्यादोऱ्यांचे आकार तयार करतात. ते देखणे दिसतात, पण आभाळात नसतात.

दिसतंय ते खरं आहे का

स्ट्रेच करून काहीतरी दिसायला लागलं की मन त्याला लूप म्हणायला लागतं. म्हणून फ्रेम्सचे दोन गट करा, सम क्रमांकाच्या आणि विषम क्रमांकाच्या. दोन्हींचे वेगळे स्टॅक, दोन्हींवर तंतोतंत तीच प्रक्रिया. जो आकार दोन्हींत त्याच जागी आला तो बहुतेक करून आभाळातला. एकातच आला तो नॉइज. दोन्हींत आला पण हिरव्या चॅनेलमध्येही तितकाच आहे, तर फ्लॅटची किंवा ग्रेडियंटची चूक.

दोन्ही गटांत काहीच आलं नाही तर इथे थांबा. पुढे ओढण्यात अर्थ नाही, त्या रात्री तेवढा उजेड सेन्सरवर पडलाच नाही. फ्रेम्स चौपट केल्या की सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर दुप्पट होतं. तीन तासांचे बारा तास म्हणजे अमावास्येच्या आसपासच्या तीन-चार रात्री. त्या वेगवेगळ्या रात्रींच्या असल्या तरी चालतात, प्रत्येक रात्रीचे फ्लॅट मात्र वेगळे लागतात. शहरातून शूट करून फिल्टरवर भिस्त ठेवायची असेल तर जुन्या सोडियम दिव्यांसाठी बनवलेले फिल्टर घेऊ नका. आता रस्त्यावर एलईडी आहेत, त्यांचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो. हायड्रोजन अल्फाची अरुंद पट्टी सोडणारा फिल्टर कामाचा, पण तो महाग.

कुठल्या कामाला हात लावायचा नाही

हवेच्या पंपाने न जाणारा सेन्सरवरचा डाग: ओलं साफ करणं पहिल्यांदाच करत असाल तर स्वतः करू नका, काचेवर ओरखडा पडला तर तो प्रत्येक फ्रेममध्ये राहतो. सर्व्हिस सेंटरला द्या.

सेन्सरसमोरची फिल्टरची काच बदलून घेणं: त्याने लाल उजेड कितीतरी पटीने वाढतो आणि लूपसाठी यापेक्षा मोठा फरक कशाने पडत नाही. पण कॅमेरा घरी उघडू नका. आत फ्लॅशचा कपॅसिटर असतो, बॅटरी काढल्यावरही तो जोराचा झटका देऊ शकतो. हे काम नेहमी करणाऱ्या माणसालाच द्या, आणि देण्याआधी वॉरंटी व ऑटोफोकसचं काय होईल ते विचारून घ्या.

लेन्समध्ये टॉर्च मारल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सला ती धरते. ताऱ्यांभोवती धूसर वलयं येतात आणि फिकट तेजोमेघ त्यात बुडतो. ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या.

आणि जुन्या रॉ फाइली ज्या हार्ड डिस्कवर आहेत ती टकटक वाजायला लागली असेल, तर "एकदा कॉपी करून बघू" म्हणू नका. लगेच काढा, पुन्हा जोडू नका, डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जशी आहे तशी द्या. डिस्क चांगली असेल तर आजच रॉ, डार्क आणि फ्लॅट तिन्ही दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा. नुसता स्टॅक जपून उपयोग नाही, वर सांगितलेलं निम्मं काम स्टॅकच्या आधीचं आहे.